क्षयरोगाबद्दल चारचौघांत कसं बोलावं

प्रयोगशाळेत मी २२ वर्षं बेडका तपासला. सकाळी झाकणबंद डब्या यायच्या. त्यातला घट्ट, पिवळसर भाग काडीने उचलायचा, काचपट्टीवर पसरायचा, लाल रंग ओतून वाफ येईपर्यंत खालून तापवायचं, आम्लाने धुवायचं, वर निळा रंग चढवायचा आणि मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. निळ्या पसाऱ्यात बारीक लाल काड्या दिसल्या, एखादी सुटी, कुठे दोन-तीन एकमेकींना चिकटलेल्या, की समजायचं. आम्लाने धुतल्यावरही ज्यांचा लाल रंग सुटत नाही, ते क्षयाचे जंतू.

तपासणीच्या कागदावर एक रकाना असतो: खोकला किती दिवसांपासून? पॉझिटिव्ह पट्टी दिसली की माझी नजर आपोआप त्या रकान्याकडे जायची. दोन महिने. चार महिने. एका तरुण माणसाच्या कागदावर सात महिने लिहिलं होतं. सात महिने तो घरच्यांबरोबर एका खोलीत झोपला, कामावर गेला, बंद गाडीतून प्रवास केला आणि त्या खोकल्याला कुणी घाबरलं नाही. निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या, आणि मग घरात त्याचं ताट वेगळं झालं, अंथरूण बाहेरच्या पडवीत गेलं, पोरांना त्याच्याजवळ जायची बंदी झाली. हे मला त्यानेच तिसऱ्या महिन्यात फेरतपासणीला आल्यावर सांगितलं. पट्टीवर तेव्हा एकही जंतू नव्हता.

म्हणजे भीती होती, पण ती चुकीच्या जागी बसली होती. ज्या खोकल्याला घाबरायला हवं त्याला कुणी घाबरलं नाही, आणि जो माणूस बरा होत होता त्याला सगळे घाबरले. क्षयरोगाची जनजागृती म्हणजे माझ्या लेखी एवढंच काम: ही भीती उचलून योग्य जागी ठेवणं. नोकरी संपल्यापासून मी शाळांत, कारखान्यांत, वस्त्यांमध्ये जाऊन हेच बोलते. तुम्हाला असं बोलायचं असेल, तर मी ते कसं करते ते सांगते.

आधी आपलं पक्कं हवं

लोक प्रश्न विचारतात आणि आपण अडखळलो की त्यांचा विश्वास जातो. म्हणून मोजक्या गोष्टी पक्क्या पाठ हव्यात.

क्षय जंतूमुळे होतो. शाप, पाप, रक्तातला दोष, यांचा काही संबंध नाही. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये हा जंतू सापडल्याचं जाहीर केलं, म्हणून २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. त्याआधी एकाच घरात एकामागून एक माणसं गेली की लोक म्हणत, घराण्यातच आहे. घराण्यात नव्हतं, घरातल्या हवेत होतं. आणि जंतू कळला तरी औषध लगेच आलं नाही. डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतल्या आणि १८८७ साली अवघ्या एकविसाव्या वर्षी क्षयाने गेल्या. जंतू सापडून पाच वर्षं झाली होती. क्षयावरचं पहिलं परिणामकारक प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली हाती लागलं. मी हे सभेत सांगते तेव्हा मागच्या रांगेतली कुजबुजसुद्धा थांबते. एक डॉक्टर बाई, आणि तिच्यासाठी एक गोळी नव्हती. आज गोळी आहे, तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना क्षय झाला आणि साडेबारा लाख लोक त्याने गेले.

पसरतो कसा? फुप्फुसाचा किंवा स्वरयंत्राचा क्षय असलेला माणूस खोकला, शिंकला, मोठ्याने बोलला, गायला की अतिशय सूक्ष्म कण हवेत जातात. बंद खोलीत ते तासन्‌तास तरंगत राहू शकतात आणि दुसऱ्याच्या श्वासातून आत जातात. त्याच्या ताटात जेवल्याने, कपडे घातल्याने, हात हातात घेतल्याने, एकच शौचालय वापरल्याने क्षय होत नाही. म्हणून भांडी वेगळी करण्यापेक्षा खिडकी उघडणं हजारपट कामाचं. वारा ते कण पांगवतो, ऊन जंतू मारतं.

यापुढची गोष्ट सांगायला अवघड, पण ती टाळू नका. जंतू शरीरात शिरणं वेगळं आणि आजार होणं वेगळं. जगातल्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या लोकांच्या शरीरात हा जंतू कधी ना कधी शिरलेला आहे. त्यातल्या बहुतेकांना तो कधीच आजारी पाडत नाही, कारण शरीराच्या पेशी त्याला चारही बाजूंनी घेरून कोंडून ठेवतात. शंभरातल्या पाच ते दहा जणांना पुढे कधीतरी आजार होतो, आणि सर्वांत जास्त धोका पहिल्या दोन वर्षांत. कोंडलेला जंतू बाळगणारा माणूस आजारी नसतो आणि तो कुणाला आजार देत नाही. पहारा ढिला पडला की मात्र जंतू सुटतो. पहारा ढिला करणाऱ्या गोष्टी म्हणजे कुपोषण, एचआयव्ही, मधुमेह, तंबाखू, दारू, काही दीर्घ आजारांवरची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. पाच वर्षांखालच्या मुलांचा पहारा मुळातच कच्चा असतो.

बीसीजीची लस टोचलीय, मग आता काय, असं कुणीतरी हमखास विचारतं. ही लस १९२१ पासून माणसांना दिली जातेय. लहान मुलांना मेंदूच्या आणि सर्वांगभर पसरणाऱ्या क्षयापासून ती चांगलं संरक्षण देते. मोठेपणी फुप्फुसाचा क्षय होणार नाही याची हमी ती देत नाही.

लक्षणं कशी सांगावीत

यादी वाचून दाखवू नका. ‘दोन आठवडे’ हा एक आकडा लोकांच्या डोक्यात राहिला तरी निम्मं काम झालं. दोन आठवडे किंवा जास्त खोकला असेल तर तपासणी, मग तो कोरडा असो की ओला, सिगारेटचा वाटो की धुळीचा. त्याच्या जोडीला संध्याकाळी चढणारा बारीक ताप, रात्री अंथरूण भिजवणारा घाम, भूक मरणं, वजन उतरणं, छातीत दुखणं, बेडक्यात रक्त. रक्त पडेपर्यंत थांबायचं नाही, हे मी तीनदा सांगते. लोकांना वाटतं रक्त पडलं तरच क्षय. बहुतेकांना ते पडतच नाही.

मुलं नीट खोकून बेडका देत नाहीत आणि त्यांच्यात लक्षणंही पुसट असतात. वजन वाढत नाही, खेळायचं सोडून पडून राहतं, ताप रेंगाळतो, आणि घरात कुणाला तरी क्षय झालेला आहे, एवढं जुळलं तरी डॉक्टरांना दाखवावं.

क्षय फक्त छातीचा नसतो. मानेतल्या गाठी, मणका, फुप्फुसाभोवतालचं पाणी, मेंदूची आवरणं, आतडी, मूत्रपिंड, गर्भाशय, कुठेही तो होऊ शकतो. मानेला न दुखणारी गाठ आली आणि आठवडे गेले तरी जिरली नाही, तर ती ‘उष्णतेची’ म्हणून सोडू नये. छातीबाहेरचा क्षय सहसा एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. गाठींचा क्षय झालेल्या मुलीला वर्गात वेगळं बसवलेलं मी पाहिलंय, म्हणून हे मुद्दाम सांगते.

आपल्याकडे आजार ‘अंगावर काढतात’. हा शब्दच मी सभेत वापरते. ताप अंगावर काढता येईल, क्षय काढता येत नाही. आपण काढत असतो तेव्हा तो घरातल्या बाकीच्यांच्या अंगावर जात असतो.

बेडका आणि थुंकी

यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवते, कारण सगळं पुढचं याच्यावर अवलंबून आहे आणि हे कुणी शिकवत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी डब्यांत बेडका नसायचाच, थुंकी असायची. पाण्यासारखी पातळ, वर फेस. तोंडातली लाळ ती. तिच्यात जंतू सापडत नाहीत, मग कागदावर निगेटिव्ह लिहिलं जातं आणि माणूस खोकत घरी जातो. एक बाई दोनदा आल्या, दोन्ही वेळा डबीत थुंकी. तिसऱ्यांदा मी टेबल सोडून बाहेर गेले. त्या रांगेजवळ, सगळ्यांच्या देखत, पदर तोंडापुढे धरून डबीत थुंकत होत्या. चार माणसांत खाकरायचं कसं, ही लाज. मी त्यांना इमारतीमागच्या मोकळ्या जागेत नेलं, पाठमोरी उभी राहिले आणि म्हटलं, ‘ताई, इथे कुणी नाही, अगदी पोटातून खोका.’ थोड्या वेळाने डबी हातात आली. तळाशी घट्ट, हिरवट-पिवळा गोळा. दुपारी त्या पट्टीवर इतके जंतू होते की मोजायची गरज उरली नाही.

ही एकट्या त्या बाईंची गोष्ट नाही. रावळपिंडीत झालेला एक अभ्यास २००७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तिथे बेडका कसा द्यायचा हे बायकांना नीट समजावून सांगितलं, बाकी काहीही बदललं नाही, आणि पॉझिटिव्ह निघणाऱ्या बायकांचं प्रमाण शंभरात ८ वरून १३ वर गेलं. आधी त्या आजारी नव्हत्या असं थोडंच?

तर सभेत डबी हातात घेऊन करून दाखवा. सकाळी उठल्या-उठल्याचा बेडका सर्वांत चांगला, रात्रभर छातीत साठलेला असतो. आधी साध्या पाण्याने चूळ भरायची. उघड्यावर, माणसांपासून दूर जायचं, न्हाणीघरात किंवा बंद खोलीत नाही. उभं राहून किंवा ताठ बसून दोनदा खोल श्वास घ्यायचा, क्षणभर रोखून सोडायचा, तिसरा श्वास घेऊन छातीच्या तळापासून खोकायचं. आलेला बेडका डबी ओठांजवळ धरून हळूच आत सोडायचा, बाहेरच्या बाजूला लागू द्यायचा नाही. झाकण घट्ट लावायचं, हात साबणाने धुवायचे. डबी लवकरात लवकर पोचवायची, उन्हात ठेवायची नाही. डबी उजेडाकडे धरून बघा: चिकट, घट्ट, तार येणारं दिसलं तर बेडका. पातळ आणि फेसाळ दिसली तर पुन्हा प्रयत्न करा.

तपासणीबद्दल एक खुलासा. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलिलीटर बेडक्यात ते काही हजारांनी असावे लागतात. त्यामुळे पट्टी निगेटिव्ह आली म्हणजे क्षय नाहीच, असं होत नाही. जनुकीय चाचणी, जिला आम्ही ‘नॅट’ म्हणतो, त्याहून कितीतरी कमी जंतू पकडते, सुमारे दोन तासांत उत्तर देते आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्या जंतूंवर चालेल की नाही हेही सांगते. पहिलीच तपासणी नॅटने होऊ शकत असेल तर ती मागा. माझं आयुष्य सूक्ष्मदर्शकावर गेलं, तरी मी हेच सांगेन.

सहा महिने का

‘दोन महिन्यांत बरं वाटतंय, मग अजून चार महिने कशाला?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला ‘डॉक्टर सांगतात म्हणून’ असं उत्तर देऊ नका. खरं कारण सांगा, लोकांना ते पटतं.

कितीतरी नेहमीचे जंतू अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतात. क्षयाच्या जंतूला त्यासाठी जवळजवळ २० तास लागतात. तो आळशी आहे, आणि तेच त्याचं बळ. औषध प्रामुख्याने वाढणाऱ्या, जाग्या जंतूंना मारतं. पहिल्या दोन महिन्यांत चार औषधं एकत्र देतात: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल. त्यात जागे असलेले बहुतेक मरतात, ताप उतरतो, भूक लागते, वजन चढतं, आणि माणसाला वाटतं झालं. पण काही जंतू निपचित पडून असतात. ते एकेक करून जागे होतात, आणि जागे होतील तेव्हा रक्तात औषध हवं. पुढचे महिने त्या झोपलेल्यांसाठी असतात. मधेच थांबलात तर उरलेले उठतात, आणि त्यांच्यात औषधाला न जुमानणारे असले तर तेच वाढतात.

औषधाला दाद न देणाऱ्या क्षयावर पूर्वी दीड-दोन वर्षं उपचार चालत, रोज सुया टोचाव्या लागत आणि त्यातल्या काही औषधांनी कायमचं ऐकू येणं बंद होई. मी असे पेशंट पाहिलेत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांच्यातल्या बऱ्याच जणांसाठी फक्त गोळ्यांचा सहा महिन्यांचा उपचार सुचवला. ही फार मोठी गोष्ट आहे. तसा रिपोर्ट आला तरी हातपाय गाळू नयेत.

गोळ्यांचे त्रास लपवू नका. लपवले की पहिल्याच आठवड्यात माणूस घाबरून बंद करतो. रिफाम्पिसिनने लघवी केशरी-लाल होते, कधी घाम आणि अश्रूसुद्धा. ते रक्त नव्हे, औषधाचा रंग आहे, काही बिघडलेलं नाही. मळमळ होते, सांधे दुखतात, हातापायांना मुंग्या येतात. या सगळ्यांवर उपाय आहेत, सांगितलं पाहिजे. पण डोळे पिवळे झाले, सारखी उलटी होऊ लागली, किंवा नजर धूसर झाली, लाल-हिरव्यातला फरक कळेना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. बायकांना हळूच बाजूला घेऊन आणखी एक सांगा: रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, दुसरा उपाय विचारून घ्या. एखाद्या दिवशी गोळ्या राहिल्या तर मनाने दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नयेत, केंद्रावर सांगावं. राहिल्याबद्दल ओरडणारं कुणी नसेल तरच लोक खरं सांगतात.

घराने काय करावं

योग्य औषधं सुरू झाली की संसर्ग पसरवण्याची ताकद झपाट्याने कमी होते, आणि साधारण दोन आठवड्यांनंतर बहुतेकांकडून धोका उरत नाही. औषधाला दाद न देणारा क्षय असेल तर तो काळ डॉक्टर ठरवतात. या सुरुवातीच्या दिवसांत पेशंटने मास्क लावावा, खोकताना तोंडावर रुमाल किंवा कोपर धरावं, शक्य तर हवेशीर जागी वेगळं झोपावं. नंतर त्याला घरात घ्या, पूर्ण घ्या.

हे भावनेच्या भरात म्हणत नाही. १९५६ साली मद्रासमध्ये एक अभ्यास सुरू झाला. काही पेशंट आरोग्यधामात ठेवले, काहींना घरीच, दाटीवाटीच्या वस्तीत, औषधं दिली. दोन्हीकडचे जवळपास सारखेच बरे झाले. आणि घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबांत क्षय जास्त झाला का, तर नाही. १९५९ साली हे प्रसिद्ध झालं आणि जगभर आरोग्यधामं बंद होत गेली. आपण मात्र अजून पडवीत अंथरूण टाकतो.

ताट वेगळं करणाऱ्या घरांना मी दुसरं काम देते: घरातल्या प्रत्येकाची तपासणी. लहान मुलांची आणि एचआयव्ही असलेल्यांची सर्वांत आधी. ज्यांना आजार नाही त्यांनाही प्रतिबंधक औषध मिळू शकतं; त्यात आठवड्यातून एकदा, असे १२ डोस घ्यायची पद्धतही आहे. हात रिकामे असले की भीती वाढते, म्हणून हातांना काम द्यायचं.

शब्द आणि सभा

‘टीबीचा पेशंट’ याऐवजी ‘टीबी झालेला माणूस’ म्हणा. उपचार सुटलेल्याला ‘पळालेला’ म्हणू नका, गोळ्या का सुटल्या ते विचारा. कामावर रजा मिळत नसते, पोटात अन्न नसताना गोळी सोसत नाही, दारू सुटत नाही, मन खचलेलं असतं. ‘संशयित’ हा शब्द तर मी तपासणीच्या कागदांवरसुद्धा खोडायची. खोकणारा माणूस काय चोर आहे?

हाडांचे सापळे आणि रक्ताचे रुमाल दाखवणारी चित्रं लावू नका. ती पाहून लोक तपासायला येत नाहीत, आजार लपवायला शिकतात. पूर्ण बरा झालेला एखादा माणूस बोलायला तयार असेल तर त्याला पाच मिनिटं द्या, पण आग्रह कधीच नको. त्याचं नाव, घर, काम सगळ्यांसमोर येणार आहे, ते त्याला आधी नीट समजावून द्या.

सभा अर्ध्या तासात संपवा. ‘कुणाला खोकला आहे, हात वर करा’ असं चुकूनही विचारू नका. एकही हात वर येत नाही आणि ज्याला खोकला आहे तो तेवढा वेळ श्वास दाबून बसतो. त्यापेक्षा दाराजवळ टेबल मांडून त्यावर डब्या ठेवा, तपासणी केंद्राचा पत्ता आणि वेळ लिहिलेल्या चिठ्ठ्या ठेवा, आणि सगळे गेल्यावरही तिथे बसून राहा. गर्दी असेपर्यंत कुणी येत नाही. ती पांगली की एखादी बाई परत फिरते आणि म्हणते, ‘आमच्या शेजारणीसाठी हवी होती.’ कुठली शेजारीण, किती दिवस, काही विचारायचं नाही. डबी द्यायची, बेडका कसा काढायचा ते तिला एकटीला पुन्हा एकदा करून दाखवायचं, ‘शेजारणीला सांगा, सकाळचा आणा’ म्हणायचं आणि तिची हरकत नसेल तर फोन नंबर लिहून घ्यायचा. तीन दिवसांत डबी केंद्रावर पोचली नाही, तर फोन आपण करायचा, आणि विचारायचं ते शेजारणीबद्दलच.